प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं

पाच जून, गुरुवार. सकाळपासून मी कूलरचं गवत बदलत होते. रायपुरात हे काम एप्रिलच्या सुरुवातीला करतात. मी जूनपर्यंत ओढलं होतं, कारण जुन्या गवतातूनही जेमतेम हवा येत होती आणि आमचं जेमतेमवर भागत होतं. पण त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्याकडे भगिनी मंडळाची सभा होती. अकरा बायका येणार होत्या. घामाघूम झालेली बाई लांब प्रार्थनेत देवाकडे लक्ष देत नाही, पदराने वारा घेत बसते, हे मी अनुभवाने सांगते.

माझी मुलगी, वय वर्षं तेरा, स्टुलावर उभी राहून जाळी धरत होती. तेही शिक्षणच होतं. गेली दीड वर्षं आमच्या घरात नुसतं काम असं काही उरलं नव्हतं. पोळी लाटणं म्हणजे भूमिती, भाजी आणणं म्हणजे व्यवहारज्ञान, कूलर म्हणजे विज्ञान. आणि प्रत्येकाच्या शेवटी आपल्याला निर्माण करणाऱ्याचे आभार. मी बाष्पीभवन समजावत होते आणि तिथून उन्हाबरोबर वाराही देणाऱ्या देवाकडे वळणार होते, एवढ्यात ती म्हणाली, "आई, ते सगळं पाठ आहे. सुतळी संपली."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या आमच्या घरमालकीण. यवतमाळकडच्या, यजमान रेल्वेत होते, तीस वर्षं गुढियारीला क्वार्टरमध्ये काढून मग शंकर नगरात हे घर बांधलेलं. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या वर येऊन माझ्या घराची तपासणी करत.

"काहून वो बाई, आज पोट्टीले सुट्टी हाय काय?"

"सुट्टी नाही काकू, विज्ञान चालू आहे."

"हे इज्ञान व्हय? माह्या घरी मिस्त्री येऊन गवत भरून जाते. त्याले मालूमच नाही का तो मास्तर हाय म्हणून." मग स्टुलाकडे बघत, पण मला ऐकवत, त्या म्हणाल्या, "त्या मोठ्या शाळेचे फारम उद्या एक वाजेपरेंत हायेत. माही सून सांगून राहिली होती. आठवीत घेऊन राहिले. नववीत मंग बाहेरच्या कोणालेच घेत नाही म्हणे."

"बघू, काकू."

"बघू बघू म्हणता पोट्टी लग्नाची होऊन जाईन."

मुलीच्या हातातली जाळी तिरकी झाली. मी तिला ती सरळ धरायला सांगितलं.

हे घरी शिकवण्याचं सुरू कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे खरं कसं झालं ते. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि ज्या कचेऱ्यांना आजवर नागपूर किंवा भोपाळ पुरत होतं त्या सगळ्यांना एकदम रायपुरात एक दालन आणि एक पाटी हवी झाली. अशाच एका पाटीखाली बसायला माझ्या नवऱ्याची नागपूरहून बदली झाली, ऑक्टोबर महिन्यात. मुलगी सहावीत होती. आम्ही चार शाळा फिरलो. राजधानी झाल्यामुळे बदली होऊन आलेल्यांची इतकी मुलं आली होती की बाकांवर जागा नव्हती. चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, जूनमध्ये या. मी बी.एड. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शिकवलेलं. म्हटलं, जूनपर्यंत मीच शिकवते.

एवढीच गोष्ट. ऑक्टोबरमध्ये ती एवढीच होती.

नाताळच्या आसपास मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कोणीतरी विचारलं, "मुलगी कुठल्या शाळेत जाते?" आमची मंडळी हिंदी भाषकांची. तिथे 'जय मसीह की' म्हणतात. आम्ही मोजकी मराठी कुटुंबं आपापसात अजून 'सलाम' म्हणतो आणि महिन्यातून एकदा बायकांची सभा मराठीत घेतो. तर अशा सभेत विचारलेल्या प्रश्नाला 'जागा मिळाली नाही' हे उत्तर फार कोरडं वाटलं. मी म्हणाले, "प्रभूने दार बंद केलं, म्हणजे त्याची काही योजना असेल." बायकांनी माना हलवल्या. ईस्टरपर्यंत मी म्हणू लागले की प्रभूने आम्हाला थांबवलं. जूनमध्ये, जेव्हा चारही शाळांची दारं सताड उघडली, तेव्हा माझी साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं, इतकी पुढे गेली होती की मुलीला शाळेत घातलं असतं तर देवाचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. त्या वर्षी बिलासपूरच्या मेळाव्यात मी वीस मिनिटं बोलले. विषय होता घर हीच पहिली शाळा. चार शाळांमधल्या फेऱ्यांचा उल्लेख त्यात नव्हता. वेळेअभावी.

मुलीला काय हवं होतं? मी विचारलं नव्हतं असं नाही. आम्ही तिच्यासमोर प्रार्थनेत देवाला विचारत असू, आणि देवाचं मत दर वेळी माझ्यासारखंच पडे.

आमच्या शाळेचं वेळापत्रक भिंतीवर होतं. साडेसातला उपासना, आठला गणित. गणितही मी रूक्ष राहू दिलं नव्हतं. अपूर्णांक शिकवताना मी उदाहरण घातलं, येशूच्या गोष्टीतल्या पाच भाकरी पाच हजार माणसांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती? मुलीने लिहिलं, एक हजारांश. मी बरोबरची खूण केली. मग ती म्हणाली, "पण आई, बारा टोपल्या उरल्या होत्या. बाकी भाज्यापेक्षा मोठी कशी लिहू?"

"तो चमत्कार आहे."

"हो, पण वहीत कुठे लिहू?"

मी तिला समासात लिहायला सांगितलं. काकूंनी ती वही पाहिली तेव्हा त्या पाच मिनिटं हसत होत्या. नंतर म्हणाल्या, "आमच्या इथं बी भंडाऱ्याच्या जेवणात असंच होते. पण हिशोब कोणी पोट्टीले नाही लावत."

भूगोलात बायबलमधल्या प्रेषिताचे प्रवास होते. भिंतीवरच्या नकाशावर तिने लोकरीच्या धाग्याने तीन सफरी दाखवल्या होत्या आणि वादळात जहाज कुठे फुटलं ती जागा लाल टाचणीने. मग एकदा काकूंच्या सुनेने सहज विचारलं की महानदी कुठे उगम पावते, तेव्हा मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मी नकाशाकडे. महानदी त्या नकाशात नव्हती.

फ्रिजवर सद्गुणांचा तक्ता होता. प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, असे नऊ रकाने. रविवारी सगळ्यांनी एकमेकांना दहापैकी गुण द्यायचे. माझी कल्पना. पहिल्या रविवारी मला सहनशीलतेत तीन पडले, ममतेत चार. नवऱ्याने मला सगळ्यांत दहा दिले होते, म्हणून त्याचे सत्यात दोन कापावे असं मुलीने सुचवलं. दुसऱ्या आठवड्यापासून तक्त्यावर दुधाच्या कूपनांचा हिशेब लागला.

अभनपूरची सहल मात्र मी फार विचारपूर्वक आखली होती. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, शिकवायचा होता. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. पुस्तकात वाचून काय होतं, शेतात दाखवू. गेल्या जूनमध्ये एका रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघं स्कूटरवरून अभनपूरच्या अलीकडे एका शेताशी थांबलो. शेतकरी हाताने भात विस्कटून पेरत होता, अगदी हवं तसं. मी त्याला सगळा दाखला हिंदीत सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रद्दा म बीजा कोन फेंकही, दीदी?" वाटेवर बी कोण टाकेल!

नवरा स्कूटरशी जाऊन हसला. मी दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ सांगत राहिले. मुलगी ऐकत नव्हती. बाजूच्या रस्त्याने तिच्या वयाच्या सात-आठ मुली सायकलींवरून चालल्या होत्या, पाठीला दप्तरं, रविवार असून शाळेचे निळे कुर्ते. शाळेचा काही कार्यक्रम असावा. एकीची साखळी पडली तशा सगळ्याच थांबल्या, आणि साखळी चढवण्यापेक्षा खिदळण्यातच त्यांचा वेळ गेला. त्या दिसेनाशा होईपर्यंत माझी मुलगी तिकडे बघत होती. संध्याकाळी मी तिच्या प्रगतीच्या वहीत लिहिलं, 'एकाग्रता कमी.'

आता प्रार्थनेबद्दल. ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांना एवढं सांगते, आमच्यात कौटुंबिक प्रार्थना मोठ्याने, एकेकाने, आपल्या शब्दांत करतात. बाकीचे डोळे मिटून ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही. खोडून काढत नाही. 'पण' म्हणत नाही. शेवटी सगळे 'आमेन' म्हणतात, म्हणजे तथास्तु, आमचीही हीच मागणी. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर अशा सोयीचा उपयोग माणूस करणार नाही हे शक्य नाही. मी करत होते. "हे प्रभू, या घरच्या पुरुषाला गॅसच्या नंबरासाठी वेळेवर फोन करण्याची सुबुद्धी दे." "हे बापा, या लेकरानं भूमितीची वही गादीखाली लपवली आहे, तिला सत्याच्या मार्गाने चालव." नवरा दुसऱ्या दिवशी फोन करी, लेकरू वही काढी. उत्तर मिळणारी प्रार्थना यालाच म्हणतात अशी माझी समजूत होती. वहीची प्रार्थना मी एकदा भगिनी मंडळातही केली, सगळ्यांच्या देखत. मुलगी तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

चार वाजता बायका आल्या. कूलरने नव्या गवताचा ओला वास सोडला होता. पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, मधल्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशीच्या सभेला महत्त्व होतं. मंडळीतल्या एका तरुण आईने, भिलाईकडून लग्न होऊन आलेल्या, आपल्या मुलीला पहिलीत न घालता घरी शिकवायचा विचार बोलून दाखवला होता. तिने माझं ऐकावं आणि ठरवावं, म्हणून पाळकीणबाईंनी सभा आमच्याच घरी ठेवली होती.

मी बोलले. बंद दार, प्रभूची योजना, घर हीच पहिली शाळा. आता ते मला पाण्यासारखं येत होतं. भाकरींचं गणित सांगितलं, बारा टोपल्यांपर्यंत नेलं नाही. मुलीला बोलावून प्रेषिताच्या दुसऱ्या सफरीतली गावं म्हणायला लावली. तिने एका दमात म्हटली. बायकांनी जिभेने च्च् च्च् केलं, कौतुकाचं.

तरुण आई म्हणाली, "पण ताई, बच्ची को अकेला नहीं लगता? म्हणजे मैत्रिणी वगैरे?"

"ज्याच्यासोबत प्रभू आहे तो एकटा कसा?" मी म्हणाले. या उत्तरावर पुढे कोणाला काही विचारता येत नाही, हे त्याचं बळ आहे.

पाळकीणबाईंना फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "आज समारोपाची प्रार्थना या लेकरानंच करावी. झाडाची ओळख फळावरून."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला प्रार्थना चांगली येत होती, मीच शिकवली होती. आधी आभार, मग इतरांसाठी मागणं, मग स्वतःसाठी, तेही नम्रपणे, आणि मोघम नाही. देवाला नेमकं सांगावं हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. 'आम्हाला आशीर्वाद दे' हे कसलं मागणं? काय हवंय ते नीट सांग.

सगळ्यांनी डोळे मिटले. तिने सुरू केलं.

"हे दयाळू बापा, आजच्या दिवसासाठी आणि कूलरसाठी तुझे आभार. आलेल्या सगळ्या मावश्यांना आशीर्वाद दे. पाळकीणबाईंच्या गुडघ्यांना आराम दे. माझ्या आईसाठी तुझे आभार, ती माझ्यासाठी पहाटे उठून तयारी करते, आणि तिने मला इतकं शिकवलं." एकीने हलकेच "हो प्रभू" म्हटलं. "आणि बापा, मला शाळेत जायचंय. मागच्या जूनमध्ये पण जायचं होतं. मी सांगितलं नाही, कारण आई सगळ्यांना सांगून बसली होती की तू नको म्हणालास. तू मला तसं काही म्हणाला नाहीस. आईला म्हणाला असशील तर माहीत नाही. शंकर नगरच्या मोठ्या शाळेचा फॉर्म उद्या एक वाजेपर्यंत मिळतो. नंतर नववीत घेत नाहीत. हे तू आईला दाखवून दे. नागपूरच्या शाळेची टीसी आणि माझा जन्माचा दाखला लोखंडी कपाटात, वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमखाली आहे, ते तिला आठवू दे. जे माझ्यासारखे घरी आहेत आणि ज्यांना मैत्रिणी नाहीत त्यांनाही मैत्रिणी दे. येशूच्या नावाने मागते."

"आमेन," अकरा बायका म्हणाल्या.

त्यात मीही होते, म्हणजे बाराजणी. सवयच ती. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर कळलं की कशाला निघालं. सगळ्यांचंच तसं झालं असावं, कारण डोळे उघडायला कोणी घाई करेना.

पाळकीणबाईंनी खाकरून सुरुवात केली, "लेकरं काय, निरागस असतात. कधीकधी सैतानसुद्धा..." आणि त्या थांबल्या. आत्ताच ज्याला आमेन म्हटलं त्यात सैतान कुठे बसवायचा हे त्यांना जमेना. "चहा?" त्या म्हणाल्या.

चहा झाला. तरुण आई निघताना माझ्यापाशी आली. "ताई, बुरा मत मानना," ती म्हणाली, "मी पण फॉर्म भरून टाकते." आणि मला 'जय मसीह की' करून जिना उतरली.

मी कप विसळायला घेतले. मुलगी पुसायला आली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं."

"मग?"

"मग तू म्हणाली असतीस, प्रार्थना करू. आणि तूच केली असतीस."

"म्हणून अकरा बायकांसमोर?"

"माझ्या वहीचं पण तू सगळ्यांसमोरच सांगितलं होतंस." तिने कप पालथा घातला. "घरी नुसतं बोलले तर तू मध्ये बोलतेस, आई. प्रार्थनेत तू मध्ये बोलत नाहीस."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे होतं. अविनय होता, मोठ्यांचा मान होता, आणि बायबलातलं एक वचनही तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि साखरेचा डबा पुसला, जो स्वच्छच होता. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि तो तिचा होता की स्वतःचाच, हे ठरवायला ती वेळ नव्हती. वर्षभर मी तिला नेमकं मागायला शिकवत होते. टीसी अल्बमखाली आहे हे मलाही आठवत नव्हतं. म्हणजे तिने कपाट उघडून बघून ठेवलं होतं. कधी? किती वेळा?

नवरा सहाला आला. खाली काकूंनी त्याला अडवलंच असणार, कारण तो बूट काढायच्या आधी म्हणाला, "ऐकलं मी."

"काय ऐकलंत?"

"सगळंच. काकू म्हणे, खिडकीतून ऐकू येत होतं. त्यांनी पण खालून आमेन म्हटलं म्हणे." तो बसला. "मी तर मागच्या जूनमध्येच म्हणून राहिलो होतो का शाळेत टाकू."

"तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत."

"मनात म्हणून राहिलो होतो."

"मनातलं मला कसं कळणार?"

"तू देवाशी बोलून राहिली होती. मध्ये कशाला पडायचं म्हटलं." त्याने मोजे काढले, गुंडाळी करून बुटात कोंबले. रोज यावर मी बोलते. "तुले खरं विचारू? लाज वाटून राहिली काय? बायकांची?"

"वाटते आहे."

"मग?"

"मग काय? बिलासपूरला काय सांगू?"

"बिलासपूरवाले काय रोज तुझ्या पोरीला बघायला येऊन राहिले का?" तो म्हणाला आणि चहा मागितला.

सातला आम्ही प्रार्थनेला बसलो. त्या दिवशी पाळी माझी होती. मी डोळे मिटले आणि लक्षात आलं की देवाला सांगण्यासारख्या माझ्याकडच्या सगळ्या गोष्टी या खोलीतल्या दोन माणसांसाठी होत्या. मोजे बुटात कोंबू नयेत. मोठ्यांशी कसं बोलावं. त्या काढून टाकल्या तर फारसं उरेना. मी अन्नासाठी आभार मानले, नोकरीसाठी मानले, आणि थांबले. इतकी लहान प्रार्थना या घरात मी कधी केली नव्हती. मधेच मी एक डोळा किलकिला केला. मुलगीही एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती, संपली की काय म्हणून. दोघींनी एकदम डोळे मिटले. नवऱ्याने आमेन म्हटलं, कारण कोणी तरी म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही शाळेच्या फाटकाशी होतो. आमच्या पुढे बावीसेक पालक होते, बहुतेक बदली होऊन आलेले, हातात प्लास्टिकच्या फायली. मुलीने शाळेसारखे वाटतील असे कपडे घातले होते, पांढरा शर्ट आणि माझ्या जुन्या साडीचा निळा स्कर्ट. साडेनऊला आमचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने टीसी उलटसुलट करून पाहिली.

"ये तो डेढ़ साल पुरानी है, मैडम. उसके बाद कौन सी स्कूल?"

"घर पर पढ़ी है."

"किसने पढ़ाया?"

"मैंने."

"कारण?" त्याने पेन उचललं. फॉर्मवर कारणासाठी बोटभर लांबीची रेघ होती.

माझ्याकडे वीस मिनिटांचं कारण तयार होतं. मागे रांग होती. मुलगी माझ्या शेजारी फाईल छातीशी धरून उभी होती आणि कारकुनाच्या पेनाकडे बघत होती.

"जब आए तब एडमिशन बंद थे," मी म्हणाले.

"वो तो एक साल की बात है. पिछले साल?"

"पिछले साल मैंने नहीं भेजा. मेरी गलती."

त्याने पेन टेकवलं, रेघ बघितली, मला बघितलं. "इतना लिखने की जगह नहीं है, मैडम," तो म्हणाला. "'पिता का स्थानांतरण' लिख देता हूँ. चलता है." आणि लिहून शिक्का मारला. "बच्ची की परीक्षा अभी होगी. उस कमरे में. लिखित, फिर मौखिक."

ती गेली. आत जाताना तिने मागे वळून बघितलं नाही. मी हात वर केला होता, तो तसाच केस सारखे करायला नेला. व्हरांड्यात बाक होता, मी तिथे बसले. तासाभराने लेखी संपली आणि तोंडी सुरू झाली. दाराला पडदा होता. आतल्या शिक्षिकेचा आवाज खणखणीत होता, तिचा प्रत्येक प्रश्न मला ऐकू येत होता. छत्तीसगढ के ज़िले बताओ. महानदी कहाँ से निकलती है. दो बटा पाँच को दशमलव में बोलो. प्रत्येक प्रश्नाला मी ओठ घट्ट मिटून बसून होते. मुलीचा आवाज लहान. ती काय उत्तरं देत होती ते मला एकही ऐकू आलं नाही.